सोन्याच्या वाटीत किती? एका बोक्याच्या खुराकाचा पूर्ण हिशोब

सोन्या हा डोंबिवलीतल्या एका फ्लॅटमधला नारिंगी गावठी बोका. वय सहा वर्षं, नसबंदी झालेली, दाराबाहेर पाऊल नाही. लसीसाठी नेला तेव्हा काट्यावर ६.१ किलो भरला. डॉक्टरांनी बरगड्या चाचपल्या आणि विचारलं, "दिवसाला किती खातो?" बरोबर गेलेल्या सूनबाई म्हणाल्या, "वाटी भरलेलीच असते, लागेल तसं खातो." मुलाचं म्हणणं वेगळं, नातवंडांचं आणखी वेगळं, आणि आजींच्या मते तो काहीच खात नाही.

हे घर माझ्या शेजारचं. मी वर्षानुवर्षं मांजरं पाळते, म्हणून हिशोबाला त्यांनी मलाही बसवून घेतलं. "मांजराला रोज किती घालायचं?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. त्याचं उत्तर पिशवीच्या पाठीवर छापलेलं असतं अशी बहुतेकांची समजूत असते, पण ते तिथे नसतं. ते मांजराच्या अंगावर हात फिरवून, घरातल्या प्रत्येकाचा हात मोजून आणि मग काट्यावर तपासून काढावं लागतं. सोन्याच्या बाबतीत हे सगळं शिस्तीत झालं, म्हणून त्याचं प्रकरण आकड्यांसकट मांडते आहे.

आधी शरीर, मग वजन

६.१ किलो म्हणजे जास्त की ठीक? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. मोठ्या हाडापेराच्या बोक्याला साडेपाच किलोही शोभतात, आणि लहान चणीची मांजरी साडेचार किलोला स्थूल असू शकते. म्हणून पशुवैद्य १ ते ९ अशी एक श्रेणी वापरतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ५ म्हणजे नेटकं शरीर, ९ म्हणजे अतिस्थूल.

ही श्रेणी घरीही अजमावता येते. एका हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. मांजराच्या बरगड्या अशा टोचत असतील तर ते रोड आहे. आता मूठ सोडून हात सपाट करा आणि त्याच हाताच्या पाठीवरून बोटं फिरवा. हाडं सहज लागतात, पण वर पातळ थर जाणवतो. बरगड्या अशा लागल्या पाहिजेत. हात उलटा करून तळव्यावरून बोटं फिरवली तर हाडं शोधावी लागतात. सोन्याच्या बरगड्या शोधाव्या लागत होत्या. वरून पाहिलं तर कंबर नव्हतीच, उलट बाजूंना फुगवटा होता.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. मागच्या पायांच्या मध्ये लोंबणारी कातडीची झोळी सडपातळ मांजरांनाही असते. चालताना ती डुलते म्हणून मांजर लठ्ठ ठरत नाही. निवाडा बरगड्या आणि कंबर बघूनच करायचा.

डॉक्टरांनी सोन्याला ९ पैकी ८ दिले. ५ च्या वरची प्रत्येक पायरी म्हणजे साधारण १० टक्के जास्त वजन, असा ठोकताळा आहे. तीन पायऱ्या म्हणजे ३० टक्के. ६.१ ला १.३ ने भागलं की ४.७ येतात. म्हणजे त्याचं योग्य वजन ४.७ किलोच्या आसपास असायला हवं. पुढचं सगळं गणित या ४.७ वर करायचं, ६.१ वर नाही, कारण जास्तीच्या चरबीला पोसायचं नसतंच.

आठवडाभराची नोंद

कुणीही काही कमी करायचं नाही, फक्त लिहायचं, असं ठरलं. फ्रिजवर कागद लावला. सोन्याला कोण, काय आणि किती देतं ते पुढचा आठवडा त्यावर उतरत गेलं.

दाणे, म्हणजे ड्राय फूड: सकाळी वाटीत घालताना आणि दुसऱ्या सकाळी उरलेले असे दोन्ही वेळा डिजिटल काट्यावर तोलले. रोज सरासरी ६२ ग्रॅम संपत होते. दूध: आजी सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धी वाटी, म्हणजे सुमारे १०० मिली देत, तेही म्हशीचं. मासळी: बुधवार, शुक्रवार, रविवारी. कांदा-लसणाचं वाटण लागण्याआधी बाजूला काढलेली उकडलेली मांदेली किंवा बांगड्याचा तुकडा, दिवसाला सरासरी २० ग्रॅम. (बाजूला काढण्याची ही सवय फार चांगली. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, शिजवून किंवा पूड करूनही.) आणि नातवंडांच्या हातून मांजरांसाठीच्या क्रीम-खाऊच्या रोज दोन ट्यूब.

आता याच्या कॅलरी काढायच्या. दाण्यांच्या पिशवीवर कॅलरी छापलेल्याच नव्हत्या. आपल्याकडच्या बऱ्याच पिशव्यांवर नसतात. पण टक्केवारी असते, आणि तेवढी पुरते. या पिशवीवर प्रथिनं ३२, स्निग्धांश १२, तंतू ४, पाणी १० टक्के असं होतं. राखेचा, म्हणजे खनिजांचा आकडा नव्हता. दाण्यांत तो ८ च्या आसपास धरतात. या सगळ्यांची बेरीज ६६. शंभरातून वजा केले की उरलेले ३४ टक्के पिष्टमय पदार्थ. प्रथिनं आणि पिष्ट यांना ग्रॅममागे ३.५ आणि स्निग्धांशाला ८.५ कॅलरी धरायच्या: ३२ गुणिले ३.५ म्हणजे ११२, १२ गुणिले ८.५ म्हणजे १०२, ३४ गुणिले ३.५ म्हणजे ११९. एकूण ३३३. शंभर ग्रॅम दाण्यांत ३३३ कॅलरी, म्हणजे एका ग्रॅमला ३.३. हा हिशोब कुठल्याही पिशवीला लागू होतो आणि सातवीतल्या नातवाने तो स्वतः करून दाखवला.

तर दाण्यांच्या २०५, दुधाच्या ९५ च्या आसपास, मासळीच्या २५, ट्यूबच्या २०. दिवसाला साधारण ३४५.

हवं किती होतं?

शांत पडून राहिलेल्या मांजराला नुसतं जगायला किती ऊर्जा लागते, याचं एक सूत्र पशुवैद्यकात वापरतात. वजनाचा ०.७५ वा घात काढून त्याला ७० ने गुणायचं. घात म्हटलं की लोक दचकतात, पण साध्या कॅल्क्युलेटरवर युक्ती आहे: वजन तीनदा गुणा, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा. ४.७ गुणिले ४.७ गुणिले ४.७ म्हणजे १०३.८. एकदा वर्गमूळ १०.१९, दुसऱ्यांदा ३.१९. त्याला ७० ने गुणलं की २२३ कॅलरी.

या आकड्याला मग मांजराच्या अवस्थेप्रमाणे गुणायचं. नसबंदी झालेल्या प्रौढ मांजराला १.२, न झालेल्याला १.४, वाढत्या पिल्लाला २.५ च्या आसपास. पिल्लाचं आणि दूध पाजणाऱ्या मांजरीचं खाणं सोन्यासारखं तोलत बसू नये, त्यांना पोटभर द्यावं. नसबंदीनंतर गरज वीस-तीस टक्क्यांनी घटते आणि भूक मात्र वाढते. नेमकं तेव्हाच कुणी माप बदलत नाही. सोन्याचं अंगही ऑपरेशननंतरच्या वर्षातच सुटायला लागलं, असं घरच्यांना नंतर जुने फोटो पाहताना लक्षात आलं.

वजन उतरवायचं असेल तर योग्य वजनाच्या आकड्याला ०.८ ने गुणतात. २२३ गुणिले ०.८ म्हणजे १७८. डॉक्टरांनी १८० लिहून दिले. ३४५ वरून १८०!

मग पिशवीवरचा तक्ता काय म्हणत होता? ५ ते ६ किलोच्या मांजराला ७० ते ८० ग्रॅम. म्हणजे दाण्यांच्याच अडीचशे कॅलरी. तक्ता खोटा नव्हता, पण तो आजचं वजन विचारतो, मांजर लठ्ठ आहे का ते विचारत नाही. नसबंदी विचारत नाही. घरात दूध आणि मासळीही मिळते, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. नवीन पिशवी आणली की तक्ता सुरुवातीला पाहावा, पण त्यावर थांबू नये.

१८० कॅलरी वाटून द्यायच्या कशा

नुसते दाणे दिले असते तर दिवसाला ५४ ग्रॅम झाले असते, आणि वाटीत ते फार थोडे दिसतात. म्हणून डॉक्टरांनी एक तृतीयांश मऊ अन्न सुचवलं. ८० ग्रॅमचा पाऊच जवळपास पाण्याचाच असतो, त्यात ६० च कॅलरी भरतात. पोट भरतं आणि पाणीही पोटात जातं. बोक्यांना लघवी अडण्याचा त्रास होतो, त्यासाठीही ते बरं. ठरलं ते असं: दाणे ३३ ग्रॅम (११० कॅलरी), एक पाऊच (६०), आणि सहा-सात ग्रॅम उकडलेलं चिकन (१०). खाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असा दंडक आहे, त्यातही हे बसलं. मासळीच्या वारी चिकनऐवजी मासा. दूध बंद.

दुधावर आजी अडल्या. "मांजर आणि दूध नको? दूध-पोळीवर आमच्याकडे पिढ्या वाढल्या मांजरांच्या." त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं. त्या मांजरांना मोकळं रान होतं, दूध-पोळी वरकड होती आणि खरं जेवण उंदराचं. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरीन नावाचा घटक त्याला पुरेसा स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही, तो अन्नातून, मुख्यतः मांसातून, मिळावा लागतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिला आणि त्यानंतर कॅट फूडमध्ये टॉरीनचं प्रमाण वाढवण्यात आलं. फ्लॅटमधल्या सोन्याला उंदीर मिळत नाही. शिवाय मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही. पण आजींना पटलं ते आकड्यामुळे. १८० पैकी ९५ कॅलरी दुधातच गेल्या तर बाकी जेवणाला उरलं काय?

दिवसाचे पाच छोटे हप्ते केले. एका उंदरात साधारण ३० कॅलरी असतात. बाहेरची मांजरं दिवसभर असे लहान-लहान घास मिळवत असतात, एकदाच ताट भरून जेवणं हा त्यांचा स्वभाव नाही. शेवटचा हप्ता रात्री अकराला ठेवला, कारण पहाटे पाचला सोन्या सगळ्यांच्या उशाशी येऊन ओरडत असे. दाण्यांचा एक हप्ता अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये पसरून द्यायचा. खळग्यांतून पंजाने एकेक दाणा काढायला त्याला चांगली पंधरा मिनिटं लागत.

काटा हलेना

वजन करायला आधी घरचा माणसांचा काटा वापरला. मुलगा सोन्याला घेऊन उभा राहायचा, मग एकटा, आणि वजाबाकी. पण तो काटा शंभर ग्रॅमच्या खाली बोलत नाही, आणि इथे आठवड्याला उतरायचे होते साठ ग्रॅम. मांजराचं वजन आठवड्याला अर्धा ते दोन टक्के या वेगानेच उतरावं. म्हणून भाजीवाल्यांकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आणला, वर टोपली ठेवली, टोपलीत आजींचं जुनं लुगडं. सोन्या आपणहून जाऊन बसू लागला.

दोन आठवड्यांनी ६.०४. बरं. चार आठवड्यांनी ६.०३. म्हणजे थांबलंच.

अशा वेळी पहिला विचार येतो तो माप आणखी कमी करण्याचा. तो करू नये. आधी गळती शोधावी. दाण्यांचं माप तपासलं तेव्हा कळलं, की सकाळी काटा वापरला जातो, पण रात्रीचा हप्ता डब्यातल्या प्लॅस्टिकच्या कपाने पडतो. कपाच्या रेषेपर्यंत भरले तर दहा ग्रॅम, शीग लावून भरले तर चौदा. चार ग्रॅम म्हणजे १३ कॅलरी, रोजच्या. आणि दुसरी गळती सूनबाईंना एका दुपारी दिसली.

"आई, दूध नको म्हणालेत ना डॉक्टर."

"दूध कुठे देते गं? साय आहे ही. चमचा-दोन चमचे. इतका आशेने बघतो, मुक्या जिवाला नाही कसं म्हणायचं?"

दोन छोट्या चमच्यांत तीसेक कॅलरी. दोन्ही मिळून चाळीसच्या पुढे, म्हणजे रोजच्या वाट्याच्या पाव हिश्श्याहून थोडंच कमी. माणसाच्या हिशोबात हे काहीच नाही, एक-दोन बिस्किटांएवढंच. पण पाच किलोच्या जिवाला हाच आकडा वजन उतरवतो किंवा रोखून धरतो.

यावर सूनबाईंनी जो उपाय काढला तो मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही. आजींना रोखण्याऐवजी त्यांनाच कारभार दिला. रोज सकाळी आजी स्वतः काट्यावर दिवसाचे दाणे तोलून स्टीलच्या एका डब्यात काढतात. पाऊच आणि चिकन त्यांच्याच ताब्यात. घरात कुणालाही, कितीही वेळा सोन्याला द्यावंसं वाटलं तर द्यावं, पण याच डब्यातून. डबा रिकामा झाला की दिवस संपला. नातवंडं शाळेतून आल्यावर आजींकडे चार दाणे मागायला लागली. आजींच्या प्रेमाला हक्काची जागा मिळाली आणि साय आपोआप बंद झाली. मांजराचा खुराक ठरवताना घरातली माणसं मोजली नाहीत तर सूत्र कितीही अचूक असो, ते कागदावरच राहतं.

त्यानंतर काटा हलला. आठवड्याला पन्नास ते साठ ग्रॅम, म्हणजे साधारण एक टक्का.

ज्या दिवशी तो जेवला नाही

५.६ किलोवर आल्यावर डॉक्टरांनी अन्न बदलायला सांगितलं. साधे दाणे फार दिवस इतके कमी दिले, तर कॅलरींबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कमी पडतात आणि चरबीसोबत स्नायू उतरतात. वजन घटवण्यासाठीच्या दाण्यांत कॅलरी कमी, प्रथिनं जास्त असतात. नवी पिशवी आली, जुनी संपत आलेली, आणि घरच्यांनी एका दिवसात बदल केला. सोन्याने वास घेतला आणि पाठ फिरवली. संध्याकाळी तेच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही. "भूक लागली की खाईल झक मारत," असं घरात कुणीतरी म्हणालं.

कुत्र्याच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल, लठ्ठ मांजराच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं. अशा मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर अंगातली चरबी भराभर यकृतात येऊन साठते, यकृताला ती झेपत नाही, कावीळ होते आणि मांजर दगावूही शकतं. म्हणून मांजराला उपास घडवून बारीक करायचं नसतं. कुठलंही मांजर चोवीस तास काहीच खात नसेल तर डॉक्टरांना फोन करायचाच.

फोन केला. डॉक्टर म्हणाले, आत्ता जुनं द्या, पाऊच कोमट करून द्या, आणि संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या. तळाशी राहिलेले जुने दाणे निघाले, पाऊच गरम पाण्यात बुडवून कोमट केला, आणि तासाभरात वाटी साफ झाली. मग जुन्याची नवी पिशवी आणून दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत बदल केला. नव्या दाण्यांच्या पिशवीवर शंभर ग्रॅमला ३१० कॅलरी छापल्या होत्या, म्हणून ११० कॅलरींसाठी ३३ ऐवजी ३५ ग्रॅम झाले. अन्न बदललं की ग्रॅम नव्याने काढायचे. तोच कप तेवढाच भरत राहायचा नाही.

कुठे थांबायचं

गणितातल्या ४.७ पर्यंत जावं लागलं नाही. ४.९ वर डॉक्टरांना बरगड्या सपाट हाताच्या पाठीसारख्या लागल्या, कंबर दिसू लागली, मांड्यांचे आणि पाठीचे स्नायू भरलेले होते. तिथेच थांबायचं ठरलं. ३० टक्क्यांचा अंदाज हा अंदाजच होता, आणि शरीराने आपलं उत्तर दिलं होतं.

आता टिकवायचं किती? सूत्राप्रमाणे ४.९ किलोला २३०, गुणिले १.२ म्हणजे २७६. हे दिलं असतं तर सोन्या पुन्हा फुगला असता. वजन उतरलेल्या मांजरांची गरज अनेकदा सूत्रापेक्षा बरीच कमी निघते, आणि एरवीही एकाच वजनाच्या दोन मांजरांत मोठा फरक असतो. म्हणून १८० वरून २००, दोन आठवडे थांबून वजन, मग २१५. तिथे काटा स्थिर राहिला. आज सोन्याचा खुराक २१५ कॅलरी आहे: दाणे ४७ ग्रॅम, एक पाऊच, आणि चिकन किंवा मासळीचा तेवढाच घास. तो आता फ्रिजवर एका उडीत चढतो, जे घरच्यांनी दोन-तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टोपली काट्यावर ठेवतात. शंभर ग्रॅम वर गेलं तर आधी डबा आणि माणसं तपासायची, मग दाणे दोन-तीन ग्रॅमने कमी. माप तेच असताना वजन आपोआप उतरायला लागलं तर माप वाढवून गप्प बसायचं नाही, दोनशे ग्रॅम घटले की थेट डॉक्टरांकडे. मूत्रपिंड, थायरॉइड आणि मधुमेह बऱ्याचदा अशाच घटीतून पहिल्यांदा कळतात. अकरा-बाराच्या पुढे अनेक मांजरांना अन्नातून पूर्वीइतकं मिळत नाही आणि ती रोडावतात, तेव्हा हेच गणित उलट्या बाजूने मांडावं लागेल. आजींनी फ्रिजवरच्या कागदाची आता वही केली आहे, आणि त्यातला वजनाचा रकाना त्या स्वतः भरतात.